खाड्यांच्या वाटेने सायकलवर

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जायचं म्हटलं की ऐकणारा हमखास घाटाबद्दल विचारतो. घाटाची काळजी एका दिवसाची, आणि तो चुकवताही येतो. या प्रवासाला खरा आकार देतात त्या खाड्या. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात इथे पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर. त्यामुळे नद्या तोकड्या, पण मुखं भलतीच रुंद, कारण समुद्राने नदीची खोरीच बुडवलेली आहेत. भरतीचं पाणी इतकं आत शिरतं की महाड आणि चिपळूणजवळचं गोवळकोट ही एके काळी बंदरं होती. मोटारवाल्याला अशी खाडी म्हणजे खोळंबा. सायकलवाल्याला ती विसावा, गप्पांची जागा आणि नव्या मुलखाचा उंबरठा असते. गेली कित्येक वर्षं मी या किनाऱ्यावर सायकल घेऊन जातो आहे. खाडी ओलांडणारी तर हाच या वाटेचा प्राण आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी आजच्या घडणीची सायकल १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने आणली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर बनवला. पुढे १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जगाच्या सफरीला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे फेरी पुरी करून १९२८ मध्ये परतले. लांबच्या सायकलप्रवासाची परंपरा आपल्या घरची आहे, हे लक्षात ठेवावं आणि पुढे निघावं.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरावं. २०२० पासून ही सोय आहे आणि बोटीवर सायकल नेता येते. अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, मग आगरदांड्याहून बोटीने दिघी आणि पुढे दिवेआगर, श्रीवर्धन हा रस्ता देखणा आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारींची रांग लागते. माझं मन रमतं ते हरिहरेश्वर मागे टाकल्यावर, बागमांडल्याच्या धक्क्यापासून.

बागमांडला ते वेसवी ही सावित्रीवरची तर. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. एका काठाला रायगड जिल्हा, दुसऱ्याला रत्नागिरी. सपाट तळाची फेरीबोट धक्क्याला लागते, पुढची लोखंडी फळी खाली पडते आणि ट्रक, रिक्षा, मोटारसायकली, टोपल्या, शाळेची पोरं अशी सगळी वरात आत शिरते. सायकल कठड्याला टेकवून बोट कशी जाते ते पाहत राहावं. ओहोटीला पाणी समुद्राकडे जोरात ओढत असतं, म्हणून बोटीचं नाक समोरच्या धक्क्याकडे न ठेवता ओढीच्या विरुद्ध, जरा वरच्या अंगाला धरलेलं असतं. बोट तिरकी चाललेली दिसते आणि पोचते मात्र नेमकी धक्क्यावर. हे कसब मी दर वेळी नव्या कौतुकाने पाहतो.

पलीकडे बाणकोटचा किल्ला आणि त्याच्या पुढे वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात इथे अंडी घालून जातात. २००२ पासून गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था मिळून ती अंडी राखतात आणि पिल्लं समुद्राकडे सोडतात. मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच करावा. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असं जेवण झालं की दुसऱ्या दिवशीचे चढ आपोआप सोपे होतात.

चढ आहेतच. खाडीकाठचं गाव समुद्रसपाटीला, आणि दोन खाड्यांच्या मधे शंभर-दीडशे मीटर उंचीचा जांभ्याचा सडा. रस्ता गावातून सड्यावर चढतो, थोडा वेळ मोकळ्या कातळावरून धावतो आणि पुन्हा नारळी-पोफळीत उतरतो. दिवसातून असं तीन-चार वेळा होतं. एकूण बेरीज केली तर घाटापेक्षा कमी दम लागत नाही. पण सड्यावर आलं की पिवळं पडलेलं गवत, चिऱ्यांच्या खाणी आणि टोकाला समुद्राची रेघ. रत्नागिरी परिसरातल्या अशाच सड्यांवर माणसांनी कोरलेली प्राचीन कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला.

केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोली तालुक्यातलं मुरूड येतं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं हे गाव. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. मुरूडबाहेरच्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकून मी जेव्हा धापा टाकत असतो, तेव्हा मला ही हकीकत आठवते आणि पायांत बळ येतं.

आता दाभोळ, माझं सर्वांत लाडकं ठिकाण. बहमनी काळातलं हे नामांकित बंदर. पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरून गेलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन परतीच्या प्रवासाला इथूनच जहाजात बसला. २००३ साली दाभोळ ते धोपावे अशी वाहनं नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि चिपळूणवरून घालावा लागणारा शंभर किलोमीटरच्या घरातला वळसा वाचला. या खाडीची मला भुरळ पडली ती मात्र तिच्या पाण्यामुळे. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जाणारं. धरणाने ते अडवलं, बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणलं, पोफळीला त्यावर वीज केली, आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठीत सोडलं. त्यामुळे दाभोळच्या बोटीखालून वाहतं त्यातलं काही पाणी मुळात पूर्वेकडच्या समुद्रात जाणारं आहे. एकदा बोटीवर शेजारी बसलेल्या मासळीवाल्या मावशींना मी हे उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाणी कुठलं का असेना भाऊ, आमचं जाळं इथलंच.” मग त्यांनी कोणत्या महिन्यात खाडीत कोणती मासळी येते ते पलीकडचा धक्का येईपर्यंत समजावून दिलं.

गुहागर तालुक्यात शिरल्यावर एकदा मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. नाक्यावरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक हातात घेतलं, नवे स्पोक टाकले आणि सायकल उलटी करून, फ्रेमला अंगठा टेकवून, नुसत्या नजरेने चाकाचा आउट काढला. “एवढं ओझं मागे कशाला? थोडं पुढे बांधा,” हा त्यांचा सल्ला मी आजही पाळतो.

भरतीचं गणित मी शिकलो ते हेदवीला. समुद्राकाठच्या कातळात तिथे बामणघळ नावाची अरुंद चीर आहे. भरतीच्या लाटा तीत घुसल्या की पाण्याचा फवारा उंच उडतो. ओहोटीला गेलात तर काहीच दिसत नाही. मी वेळ विचारली तेव्हा एका आजोबांनी उलट विचारलं, “आज तिथी कोणती?” तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला भरती. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, सगळी मेख त्यात. दोन भरत्यांच्या मधे, सहा तासांनी ओहोटी.

सायकलवाल्याला हे गणित सोन्याच्या मोलाचं आहे. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी. त्यातही उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं आणि ओली, घट्ट वाळू लांबवर उघडी पडते. मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर अशा पहाटे सायकल डांबरावर चालावी तशी चालते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, आणि ओहोटी दुपारच्या उन्हात येते. म्हणून मी निघण्याची तारीख पंचांग पाहून ठरवतो.

हेदवीहून तवसाळ, आणि तिथून शास्त्री नदीवरची तर जयगडला नेते. पुढे केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. दक्षिणेत बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. रेडीनंतर तेरेखोलची तर मात्र थेट गोव्यातल्या केरीला सोडते, आणि शेवट मनासारखा होतो.

कानमंत्र थोडेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्या दिवसांत दुपारी वायव्येकडून वारा येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं. ब्रेक नवे असावेत, कारण उतार खडे आहेत. वाळूवरून आलं की चेन आणि फ्रीव्हील गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्यावं. मीठ एका रात्रीत गंज चढवतं.

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात आता या मोठ्या खाड्यांवर पूल आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा तरीची वेळ बघत बसता येत नाही. माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. प्रत्येक पुलावर कठड्यालगत सायकल आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी पट्टी ठेवावी, कारण वारं लागलेल्या उंच पुलावर ट्रकच्या शेजारून सायकल चालवणं जिवावरचं आहे. आणि दिवसाला चारच फेऱ्या का होईनात, तर चालू राहावी. खाडीकाठच्या मासळीवालीचा बाजार, शाळकरी पोराचा धक्का आणि खलाशाचं बोट तिरकी नेण्याचं कसब, हे सगळं त्या चार फेऱ्यांवर टिकून राहील. त्या फेऱ्यांना उतारू हवेत. तेव्हा येत्या मार्गशीर्षात सायकलला तेलपाणी करून निघा, आणि तरीचं तिकीट काढा.