डिजिटल कॅमेऱ्याची दैनंदिन हानी व संरक्षण : डाळज-उजनी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण सोडून इंदापूरकडे निघाले की डाळज लागते. गावापलीकडे भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जलाशयाच्या उथळ काठांवर रोहित, पट्टकादंब, चित्रबलाक यांसारख्या पक्ष्यांचा वावर वाढला. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळ, डाळज या पट्ट्यात महागड्या कॅमेऱ्यांची वर्दळ असते. परंतु प्रस्तुत लेखात या पाहुण्यांपेक्षा येथील लहान स्टुडिओचालकाचा विचार अधिक केला आहे. लग्न, बारसे, जावळ यांची छायाचित्रे काढून तो घर चालवितो. त्याच्या दृष्टीने कॅमेरा ही चैन नसून भांडवल असते, आणि ते पुष्कळदा कर्जाऊ रकमेतून उभे राहिलेले असते. ऐन लग्नसराईत कॅमेरा बंद पडला तर त्याचा सबंध हंगाम बुडतो.

धूळ :
फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा नवा भाग पुढे सरकत असे. त्यामुळे धुळीचा कण बहुधा एखाद-दुसरे चित्र बिघडवून निघून जाई. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र प्रतिमा टिपणारा संवेदक तोच राहतो. त्याच्यापुढील काचेवर एकदा कण बसला की तो पुढील प्रत्येक चित्रात त्याच जागी डाग उमटवितो. ॲपर्चर एफ/१६ इतके लहान केले असता आकाशाच्या पार्श्वभूमीवर हे डाग ठळक दिसतात. संवेदक तपासण्याची हीच सोपी रीत होय.

आपल्या भागात धुळीचे प्रकारही अनेक आहेत. संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यात बेलवडीला गोल रिंगण होते, तेव्हा अश्वांच्या टापांनी माती उडते आणि आषाढातली सर त्याच वेळी येऊ शकते. ऊसतोडीनंतर पाचट पेटविले की काजळीचे पापुद्रे वाऱ्यावर दूरवर जातात. जेजुरीचा भंडारा तर इतका बारीक असतो की तो झूम लेन्सच्या नळीतही शिरतो. लेन्स पुढे-मागे करताना ती हवा आत ओढते आणि हवेबरोबर भंडाराही जातो. अशा ठिकाणी लेन्स बदलूच नये. बदलणे अटळच असेल तर कॅमेरा बंद करून, त्याचे तोंड जमिनीकडे ठेवून, आडोशाला बदलावी.

लेन्स पुसण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम रबरी ब्लोअरने कण उडवावेत, नंतर मऊ ब्रश फिरवावा व शेवटीच मायक्रोफायबरचे स्वच्छ कापड वापरावे. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने लेन्स पुसण्याची सवय सर्वत्र दिसते. तीत वाळूचा कण कापडाखाली सापडतो आणि काचेवरील लेपावर ओरखडा उठतो.

आर्द्रता व बुरशी :
जलाशयाकाठी पावसाळ्यात ओलावा दीर्घकाळ टिकतो. सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आत बुरशी वाढू लागते. बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात; मग बुरशी काढली तरी खुणा राहतात. कॅमेरा चामडी पिशवीत घालून कपाटात बंद ठेवणे हे बुरशीला आमंत्रणच होय. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा व त्यात सिलिका जेलच्या पुड्या ही व्यवस्था स्वस्त आणि पुरेशी आहे. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवावी. फार कोरडी हवाही रबर व वंगणाला मानवत नाही. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असते, म्हणून स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी घेऊ नये. वातानुकूलित मोटारीतून दमट हवेत उतरतानाही काळजी घ्यावी. कॅमेरा बंद प्लास्टिक पिशवीत अर्धा तास राहू दिल्यास दव पिशवीवर जमते, लेन्सवर नव्हे.

कॅमेरा पाण्यात पडल्यास तो चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. तत्काळ बॅटरी व कार्ड काढावे, बाहेरून पुसून सुकू द्यावा आणि जाणकाराकडे न्यावा. ओलसर भागांतून वीजप्रवाह गेला की परिपथ जळतो. खरे नुकसान पुष्कळदा या क्षणी होते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय लोकप्रिय असला तरी तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, उलट त्याचा भुसा आत जातो. होडीत चढताना पट्टा गळ्यातच असावा, हे सांगावयास नको.

उष्णता व लेसर :
उन्हाळ्यात बंद मोटारीत कॅमेरा ठेवल्यास लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते. हंगाम नसताना ती काढून, साधारण निम्मी भारित करून, थंड जागी ठेवावी.

याहून गंभीर धोका अलीकडचा आहे. वराती आणि मिरवणुकांत डीजेबरोबर लेसरचे झोत आले आहेत. असा झोत थेट लेन्समध्ये शिरल्यास क्षणार्धात संवेदकावरील बिंदू किंवा संपूर्ण ओळी जळतात व प्रत्येक चित्रात रंगीत रेघ उमटते. ही हानी पुसून जात नाही; संवेदकच बदलावा लागतो आणि त्याचा खर्च कित्येकदा जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीजवळ पोहोचतो. म्हणून वरातीचे काम स्वीकारतानाच लेसर असणार का, हे यजमानांना विचारावे व असल्यास झोताच्या मागील बाजूस उभे राहण्याची जागा ठरवून घ्यावी.