टीव्हीचा आवाज

शेजारच्या फ्लॅटमधून भांडी आपटल्याचा, मग तिच्या रडण्याचा आवाज येतो. आपण काय करतो? टीव्हीचा आवाज वाढवतो. 'नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?' सकाळी ती जिन्यात भेटते. गालावरचा वळ दिसत असूनही आपण पाण्याच्या वेळेबद्दल बोलतो!

खरं तर कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम ४ नुसार शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मग आपण घाबरतो कशाला? आपली शांत संध्याकाळ मोडेल म्हणून?

निदान वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं तरी बेल वाजवूया. भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकतंय, हे त्याला कळू दे. आणि तिलाही.