ओठांची साल सतत निघते? पुढची ट्यूब घेण्याआधी हे वाचा

भाताची झोडणी उरकते, थंडी पडते आणि शहापूर-मुरबाड भागात घरोघरी ओठ फुटू लागतात. थोडे तूप किंवा व्हॅसलीन लावले की आठ-दहा दिवसांत ते भरूनही येतात. त्यासाठी दवाखान्यात जाण्याची गरज नसते.

हा लेख ज्यांचे ओठ भरतच नाहीत त्यांच्यासाठी आहे. भर पावसाळ्यात, हवेत एवढा ओलावा असतानाही तुमच्या ओठांवर कोरडे पापुद्रे धरत असतील, ते सोलल्यावर खाली लाल, आग होणारी त्वचा दिसत असेल आणि चार दिवसांत पुन्हा साल धरत असेल, तर दोष थंडीचा नाही. कारण शोधावे लागेल.

साल पुन्हा पुन्हा का धरते?

ओठांची त्वचा फार पातळ असते. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात. त्यामुळे ओठ लवकर सुकतात. जीभ फिरवली की क्षणभर बरे वाटते, पण लाळ सुकताना ओठांतला ओलावाही घेऊन जाते आणि लाळेतील पाचक रसांनी त्वचा अधिक चिडते. साल ओढून काढली की जखम होते. जखम झाकण्यासाठी शरीर घाईघाईने नवा थर बनवते आणि तोही कच्चाच सुटतो. असे हे चक्र चालू राहते.

ओठांच्या सुजेला डॉक्टर ‘कायलायटिस’ म्हणतात. त्याची नेहमी आढळणारी कारणे अशी:

• ओठ चाटण्याची, चावण्याची किंवा सोलण्याची सवय. ती बहुधा नकळत असते आणि ताण वाढला की वाढते.
• टूथपेस्ट, लिपस्टिक, सुगंधी लिप बाम किंवा एखाद्या मलमाची अ‍ॅलर्जी.
• मिश्री, तंबाखू, गुटखा.
• वर्षानुवर्षे उन्हात काम. यात बहुतेक वेळा खालचा ओठ खराब होतो.
• लोह किंवा ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांची कमतरता, बुरशीचा संसर्ग. यात ओठांचे कोपरे जास्त चिरतात.
• मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधे.

सर्व तपासण्या होऊनही काहींमध्ये कारण सापडत नाही. जाड थर येत आणि गळत राहतो. या प्रकाराला ‘एक्सफोलिएटिव्ह कायलायटिस’ म्हणतात. तो चिवट आहे, महिनोन्‌महिने टिकतो, पण संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने तो कोणाला होत नाही.

आधी धोका ओळखा

पुढीलपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका:

• ओठावर एकाच जागी न भरणारी जखम किंवा खपली, दोन आठवड्यांहून अधिक काळ.
• हाताला कडक लागणारी जागा किंवा गाठ.
• पांढरा किंवा लाल चट्टा, वारंवार रक्त येणे, बधिरपणा.
• हनुवटीखाली किंवा मानेत गाठ.

शेतात किंवा वीटभट्टीवर उन्हात राबणाऱ्यांनी आणि तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. अशा जागी कर्करोगाची सुरुवात असू शकते. डॉक्टर बायोप्सी सुचवतील. त्यात जागा बधिर करून अगदी छोटा तुकडा तपासायला घेतात. ‘हात लावला की गाठ पसरते’ या भीतीने अनेक जण ती टाळतात. ही भीती खोटी आहे. नुकसान होते ते उशिरामुळे.

धोक्याचे लक्षण नसेल तर काय करावे?

ट्यूबवर ट्यूब बदलणे थांबवा. मेडिकलमधून सांगून आणलेल्या अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. सुरुवातीला फरक पडतो, पण सतत वापरल्याने त्वचा आणखी पातळ होते. डॉक्टरांनी दिलेले मलम मात्र स्वतःहून बंद करू नका, त्यांना विचारा.

त्यानंतर तीन-चार आठवडे हे पाळा:

१. ओठांना फक्त वास-रंग नसलेली साधी पेट्रोलियम जेली लावा. दिवसातून सहा-सात वेळा आणि झोपताना.
२. लिपस्टिक, बाम, मध-लिंबू, साखरेने घासणे, हळदीचा लेप, सारे बंद. बेंबीत तेल घातल्याने अपाय नाही, पण त्याने ओठ बरे होत नाहीत.
३. झणझणीत पुदिना, लवंग किंवा दालचिनी असलेली टूथपेस्ट बदलून साधी घ्या. मिश्री सोडा.
४. साल ओढू नका. जेवताना अडकत असेल तर ओले मऊ फडके पाच मिनिटे ठेवा. जे आपोआप सुटेल तेवढेच पुसा.
५. तिखट, खारट, आंबट कमी करा. उन्हात रुंद काठाची टोपी घाला किंवा पदर, उपरणे पुढे ओढून घ्या.

दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की कळतो.

डॉक्टरांकडे जाताना

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथे सुरुवात करा. दातांचे डॉक्टरही ओठ तपासतात. अ‍ॅलर्जीच्या पॅच टेस्टसाठी किंवा बायोप्सीसाठी मुंबईला पाठवले, तर आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून जावे लागते. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती वाया जाऊ देऊ नका. वापरलेल्या सर्व ट्यूब, टूथपेस्ट, मिश्रीची डबी, जुने कागद एका पिशवीत घ्या. त्या दिवशी ओठांना काही लावू नका.

घरच्यांसाठी

‘सोलू नकोस’ असे दहा वेळा ओरडल्याने सवय सुटत नाही, माणूस लपून सोलतो. हात ओठांकडे गेला की शांतपणे जेलीची डबी पुढे करा. या त्रासामुळे लग्नकार्य टाळणारी, तोंडावर रुमाल धरणारी माणसे असतात. झोप उडाली असेल, मन उदास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ताणावर उपचार केल्याने काहींचे ओठही सुधारतात.

हा आजार काहींमध्ये पूर्ण जातो, काहींमध्ये अधूनमधून डोके वर काढतो. पुन्हा साल धरली म्हणजे उपचार फसला असे नाही. पुन्हा साधी जेली सुरू करा, साल ओढू नका. आणि एखादी जागा दोन आठवड्यांत भरली नाही, तर पुढची ट्यूब विकत घेण्याऐवजी ती डॉक्टरांना दाखवा.