टोकियोत जेवायचं कुठे? मुक्कामाच्या आसपासचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

टोकियोला निघालेल्या मराठी माणसाला विमानात बसण्याआधीच बरंच ऐकवलं जातं. तिथलं जेवण परवडत नाही, आपल्याला काही खाता येत नाही, आणि खरंच चांगलं खायचं तर महिनाभर आधी टेबल राखून ठेवावं लागतं. मग सकाळी मुक्कामाच्या हॉटेलातला नाश्ता, दुपारी बॅगेतला चिवडा आणि रात्री लांबच्या भारतीय रेस्टॉरंटची वारी, यातच आठवडा संपतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मुक्कामापासून दहा मिनिटं चालत जाऊन, रास्त भावात, मन लावून रांधलेलं जेवण मिळतं अशी जगात जी थोडी महानगरं आहेत, त्यांत टोकियो पहिल्या रांगेत बसतं.

गैरसमज: हॉटेलच्या आसपास नुसती साखळी दुकानंच आहेत

नाकासमोर चालणाऱ्याला तसंच वाटणार. शिंजुकू, उएनो, इकेबुकुरो अशा स्टेशनांभोवती अरुंद, सात-आठ मजली इमारती खेटून उभ्या असतात आणि त्यांच्या जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एकेक छोटं रेस्टॉरंट असतं. रस्त्यालगतच्या गाळ्याचं भाडं मोठ्या कंपन्यांनाच झेपतं. स्वतः गल्ल्यावर आणि चुलीपाशी उभा राहणारा मालक त्यामुळे वर तरी जातो, नाहीतर तळघरात तरी उतरतो. इमारतीच्या कडेला उभी पाटी लटकत असते आणि तिच्यावर मजल्याच्या आकड्यासमोर नाव लिहिलेलं असतं. आपला तळमजला म्हणजे तिथला 1 आणि तळघर म्हणजे ‘बी 1’, एवढं कळलं की शोध सोपा होतो. लिफ्टचं दार थेट रेस्टॉरंटमध्ये उघडलं तर दचकू नका, तिथे तसंच असतं.

डिपार्टमेंट स्टोअरकडे आपण कपड्यांचं दुकान म्हणून पाहतो. टोकियोत त्यांचे वरचे एक-दोन मजले रेस्टॉरंटांसाठी राखलेले असतात. शिंजुकूचं इसेतान, निहोनबाशीचं ताकाशिमाया, गिन्झाचं मित्सुकोशी यांच्या तळघरांत तर खाद्यपदार्थांची अख्खी पेठ भरते. तिला ‘देपाचिका’ म्हणतात. बंद व्हायच्या सुमारास तिथल्या डब्यांवर सवलतीची लेबलं लागू लागतात आणि ऑफिसातून घरी निघालेले लोक ते डबे उचलून नेतात. थकून आलेल्या प्रवाशाने एक डबा खोलीवर आणला, तरी रात्रीचं जेवण उत्तम होतं.

स्टेशनवरचं खाणं म्हणजे नाइलाजाचं खाणं, हा हिशोबही इथे चुकतो. टोकियो स्टेशनाच्या भुयारी भागात रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, आठ दुकानांची एक स्वतंत्र गल्ली आहे आणि शहरातले लोक तिथे मुद्दाम येऊन रांग लावतात. तिथून एकच स्टेशन पुढे युराकुचो. तिथे रेल्वेच्या जुन्या विटांच्या कमानींखाली संध्याकाळी याकितोरीच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या कोंबडीच्या, शेगड्या पेटतात.

गैरसमज: टोकियोत बाहेर जेवणं परवडत नाही

रात्रीचं मेनूकार्ड पाहून हे मत बनलेलं असतं. दुपारी त्याच दाराशी परत गेलात तर चित्र वेगळं दिसेल. भात, मिसो सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ‘तेइशोकु’ म्हणजे ताटाचं जेवण हजार-बाराशे येनच्या आसपास मिळतं. येनचा भाव वरखाली होतो, पण अलीकडच्या दराने हे साधारण 600 ते 700 रुपये झाले. रात्री जिथे माणशी आठ-दहा हजार येन लागतात, अशी कित्येक रेस्टॉरंटं आसपासच्या नोकरदारांसाठी दुपारी छोटं ताट ठेवतात. स्वयंपाकघर तेच, हात तेच. मात्र वेळ पाळावी लागते. दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दोन, मग दार बंद, आणि पाचच्या पुढे रात्रीची सुरुवात. तीन वाजता भूक लागली म्हणून फिरणाऱ्याला बंद दारं दिसतात आणि तो म्हणतो की इथे काही मिळत नाही.

इझाकायामध्ये, म्हणजे पिण्याबरोबर खाण्याच्या ठिकाणी, बसल्याबसल्या न मागवलेली छोटी वाटी समोर येते आणि तिचे माणशी तीनशे-चारशे येन बिलात लागतात. ही फसवणूक नाही. ‘ओतोशी’ नावाचा तो जुना रिवाज आहे, जागेचं भाडंच समजा. उलट टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरलात असं समजून वाढणारा मागे धावत येईल.

गैरसमज: जास्त तारे म्हणजे जास्त चांगलं

रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलिनची टोकियोची पहिली पुस्तिका नोव्हेंबर 2007 मध्ये निघाली आणि ताऱ्यांच्या एकूण संख्येत हे शहर सगळ्या जगाच्या पुढे गेलं. पण मिशलिनचा तारा म्हणजे खिसा रिकामा, असंही नाही. तेव्हा सुगामो भागात असलेल्या ‘त्सुता’ या रामेनच्या छोट्या दुकानाला 2015 मध्ये तारा मिळाला, रामेनला मिळालेला तो पहिलाच. शिवाय मिशलिनचीच ‘बिब गूरमाँ’ नावाची यादी आहे, रास्त भावात चांगलं जेवण देणाऱ्यांची. प्रवाशाने आधी ती पाहावी.

खरा घोटाळा नकाशावरच्या गुणांचा होतो. गूगलवर 4.8 गुण दिसले की आपण खूश. त्या शेऱ्यांत सगळे परदेशी प्रवासीच असतील, तर त्यांनी मुख्यतः इंग्रजी मेनूला आणि हसऱ्या स्वागताला गुण दिलेले असतात. जपानी लोक ‘ताबेलोग’ पाहतात. 2005 पासून चालणाऱ्या या सेवेवर गुण देणाऱ्यांचा हात आखडता असतो. तिथे 3 म्हणजे नेहमीचं बरं जेवण, आणि 3.5 ओलांडणारी ठिकाणं थोडीच. 3.4 पाहून नाक मुरडणारा प्रवासी नेमकं चांगलं ठिकाण सोडून जातो. सगळ्यात भरवशाची खूण मात्र फोनमध्ये नाही. दुपारी बाराच्या सुमाराला गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक जिथे रांगेत उभे असतात, तिथे उभं राहावं. शेजारच्या दाराशी रोज येणारं गिऱ्हाईक चुकीच्या ठिकाणी रोज रांग लावत नाही.

उलट, शिंजुकूतल्या काबुकिचोसारख्या रात्री जागणाऱ्या भागात जो रस्त्यावर येऊन तुम्हाला आत बोलावतो, त्याच्यामागे कधीही जाऊ नये. असं गिऱ्हाईक ओढणं तिथे नियमाने बंद आहे आणि सावध करणाऱ्या घोषणा ध्वनिक्षेपकावर चालू असतात.

भाषेची धास्तीही अनाठायी. बऱ्याच ठिकाणी खिडकीत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, त्याकडे बोट दाखवलं की काम होतं. दाराशी कूपनचं यंत्र असेल तर आधी पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची आणि आत द्यायची. जुनी यंत्रं फक्त नाणी आणि हजाराची नोट घेतात, तेव्हा सुटे जवळ असू द्यावेत.

गैरसमज: मांस नको म्हटलं की शाकाहारी जेवण मिळतं

आपल्याकडच्या अनेकांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो आणि इथे खरी काळजी घ्यावी लागते. जपानमध्ये इ.स. 675 मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. पुढची अनेक शतकं मांसाहार मुख्य प्रवाहात नव्हता, पण मासे होतेच. त्यामुळे ‘मांस नाही’ याचा तिथला अर्थ ‘मासेही नाहीत’ असा होत नाही. बहुतेक रश्शांचा पाया म्हणजे ‘दाशी’, आणि ती सहसा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून बनते. मिसो सूप, उदोन नूडल्स, उकडलेल्या भाज्या, अंड्याचं ऑम्लेट, सगळ्यांत ती असू शकते. ताटात मासा दिसला नाही म्हणून तो नाही असं धरू नये. मासा चालणाऱ्यांना अडचण नाही. न चालणाऱ्यांनी ‘मांस नको, मासा नको, माशाची दाशी नको’ हे जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवावं आणि मागवण्याआधी दाखवावं. दुकानदार नाही म्हणाले तर त्यांचा राग मानू नये, रस्सा सकाळीच शिजलेला असतो.

वाट अगदीच बंद नाही. बौद्ध मठांतल्या ‘शोजिन र्‍योरी’त कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी असते. टोकियो स्टेशनाच्या आत ‘टीज तानतान’ हे पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं दुकान आहे. ‘कोको इचिबान्या’ या करीच्या साखळीच्या काही शाखांत प्राणिज घटक नसलेली करी मिळते.

गैरसमज: भारतीय जेवणासाठी कुठलंही भारतीय रेस्टॉरंट सारखंच

स्टेशनाजवळ भारताचा झेंडा दिसला की जीव भांड्यात पडतो. अशा रेस्टॉरंटांतली बरीच नेपाळी लोक चालवतात. जेवण चवदार असतं, पण ते जपानी जिभेसाठी बेतलेलं असतं: ताटाबाहेर जाणारा गोडसर नान आणि सौम्य करी. मोकळेपणाने खावं, घरच्या वरणभाताची अपेक्षा ठेवू नये.

शिंजुकूचं ‘नाकामुराया’ मात्र चुकवू नये. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानला निसटले तेव्हा याच दुकानाच्या मालकांनी, सोमा कुटुंबाने, त्यांना लपवून आसरा दिला. पुढे बोस त्यांचे जावई झाले. 1927 मध्ये त्यांच्या पुढाकाराने तिथे कोंबडीची भारतीय करी सुरू झाली आणि ती आजही मिळते. गिन्झात बोस यांचे सहकारी ए. एम. नायर यांनी 1949 मध्ये काढलेलं ‘नायर्स’ आहे. आणि आपल्याकडच्या स्वयंपाकाची खरीच आठवण आली तर टोकियोच्या एदोगावा प्रभागातलं निशि-कासाई गाठावं. भारतीय संगणक अभियंत्यांची वस्ती तिथे वाढली, तसा किराणा आला आणि इडली-डोसाही आला. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावाच्या परिषदेवर निवडून आले. तोझाई मेट्रोने मध्य टोकियोहून तिथे वीसेक मिनिटांत पोहोचता येतं.

शेवटी एक विनंती. छोट्या ठिकाणी जागा राखायची तर हॉटेलच्या स्वागतकक्षाला सांगा, ते जपानीत फोन करून देतात. पण राखलेली जागा नको झाली तर कळवा, निदान आदल्या दिवशी. आठ खुर्च्यांच्या दुकानात त्या दिवसाचा मासा आठ माणसांच्या हिशोबानेच आणलेला असतो, आणि न सांगता गैरहजर राहणाऱ्यांमुळे पुढच्या परदेशी पाहुण्याला नकार ऐकावा लागतो.