पंपाला रेसचा प्लग कशाला?



मागच्या श्रावणातली गोष्ट सांगते. संत्र्यावर काळी माशी दिसायला लागली होती. कोळशीनं पानं काळी पडायच्या आधी फवारून घ्यावं म्हटलं. पावसानं उघडीप दिली तशी गटाचा पाठीवरचा पेट्रोल पंप काढला, ड्रममध्ये औषध कालवलं. तिघी जणी मजुरीनं सांगितल्या होत्या. दोन टाक्या झाल्या आणि पंप फुरफुरून बंद पडला. दोरी ओढून ओढून खांदे गेले. "काहून वं, पेट्रोल सरलं का?" असं जो तो विचारे. पेट्रोल भरपूर होतं.

प्लग काढून पाहिला तर काळाकुट्ट आणि ओला. बरं, तो नवाच होता, आठ दिवसांपूर्वी मीच आणलेला. दुकानातला पोरगा म्हणाला होता, "मावशी, हा घ्या, रेसच्या गाडीतला हाय. पंप कसा भन्नाट चालते पाहा." मी जास्तीचे पैसे मोजून घेतला. जुना प्लग सोबत नेला असता तर तरी बरं, तोही घरीच. संध्याकाळी पाऊस आला. कालवलेलं औषध वाया गेलं, आणि तिघींची मजुरी तर द्यायचीच होती.

नंतर एका जुन्या मिस्त्रीनं समजावलं, ते तुम्हाला सांगते.

प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात बसवलेली काडेपेटीच. खालच्या दोन टोकांमध्ये बारीक फट असते. त्या फटीतून हजारो व्होल्टची ठिणगी उडते आणि पेट्रोलची वाफ पेटते. इथवर बहुतेकींना माहीत असतं. पण प्लगला आणखी एक काम आहे, स्वतःचं टोक ठरावीक गरम ठेवायचं. टोक साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे. त्याखाली गेलं तर काजळी जळून जात नाही, साचत जाते आणि ठिणगी मरते. त्यावर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. मग पिस्टनला भोक पडायची वेळ येते.

म्हणून प्लग 'गरम' आणि 'थंड' असे दोन तऱ्हेचे असतात. घराला समोरासमोर दारं असली की उष्णता लगेच बाहेर पडते. लांब बोळ असला की आतच कोंडते. प्लगच्या आतला पांढरा चिनी मातीचा भाग लांब असला की उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता. तो गरम प्लग. आखूड असला की थंड प्लग.

रेसच्या, जास्त ताकद काढलेल्या गाडीत इंजिन सारखं जोरात फिरतं, आत भयंकर उष्णता होते. तिला थंड प्लग लागतो. टर्बोच्या गाडीत आत दाब इतका की ठिणगी विझू नये म्हणून फटही कमी ठेवतात. तो प्लग वाईट नाही, आपल्या कामाचा नाही. आपला पंप एवढासा, घडीघडी बंद-चालू होणारा. त्यात थंड प्लग तापतच नाही, आणि पेट्रोलमधलं तेल त्यावर चिकटत राहतं. आमच्या पंपाचं तेच झालं होतं.

काही जणी विचारतात, आपल्याकडे उन्हाळा एवढा कडक, मग थंड प्लग नको का? अहो, आत पेट्रोल पेटतं तेव्हा दोन हजार अंशांच्या घरात उष्णता होते. बाहेरच्या पंचेचाळीस अंशांसाठी प्लगचा नंबर बदलायचा नसतो. इंजिनाच्या पात्यांमध्ये अडकलेला पाला आणि धूळ काढा, त्यानं खरा फरक पडतो.

आता फसायची जागा. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनचं उलटं, आकडा मोठा तितका गरम. म्हणून "तोच नंबर, दुसरी कंपनी" असं कोणी म्हटलं की थांबा. पंपाच्या पुस्तिकेत लिहिलेला प्लगच मागा, किंवा कंपनीच्या तक्त्यावरून जोडीचा नंबर काढून मागा. आपल्या रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ आलं, पण मी आणलेल्या डबीवर मराठीचं एक अक्षर नव्हतं. म्हणून जुना प्लग रुमालात बांधून न्यायचा. मापही त्यावरूनच कळतं. आट्यांची जाडी १०, १२ किंवा १४ मिलिमीटर असते. लांबीही वेगवेगळी, जास्त लांब प्लग घातला तर तो पिस्टनवर आदळतो. जुनी माणसं अजून 'मायको' मागतात. ती बॉशचीच कंपनी, १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली. २००८ पासून तिचं नाव बॉश झालं.

नवा घ्यायच्या आधी जुन्याचं तोंड पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन सुखात आहे. कोरडी काळी काजळी असेल तर चोक ओढलेला राहिला असेल किंवा हवेची जाळी तुंबली असेल. ओलं आणि तेलकट असेल तर तेल जास्त पडलंय, किंवा प्लग थंड आहे. पांढरं फटक, फोड आल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतंय, लगेच मिस्त्रीला दाखवा. टू-स्ट्रोक पंपाच्या पुस्तिकेत १:२५ लिहिलं असेल तर लिटरमागे ४० मिली तेल, १:५० असेल तर २० मिली. अंदाजे झाकणानं ओतू नका. आमच्याकडे आता औषधाच्या बाटलीसोबत आलेलं मापाचं भांडं आहे, फक्त तेलासाठी ठेवलेलं.

फटही बघायची. बऱ्याच छोट्या पंपांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ असते. कार्डाची साधी कड फटीत सहज गेली तर फट वाढली आहे.

प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा, तार न ओढता टोपी धरून. बसवताना आधी बोटांनीच फिरवा. आटे वाकडे बसले तर इंजिनाचं डोकंच बदलावं लागतं. नवा प्लग हातानं घट्ट झाला की पान्यानं साधारण अर्धा फेरा बस. जुना पुन्हा बसवताना त्याहून कितीतरी कमी.

हे बाईचं काम नाही असं कोणी म्हटलं तर त्यांना बेर्टा बेंझ सांगा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार, त्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून शंभरेक किलोमीटर दूर माहेरी घेऊन गेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती टोपीच्या सुईनं मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली तर पायमोज्याचा पट्टा गुंडाळला.

एक प्रश्न नेहमी येतो, स्कूटीचा प्लग पंपाला चालेल का? बऱ्याच स्कूट्यांचे आटे १० चे, पंपाचे १४ चे. बसणारच नाही. आमच्या गटात आता पंपाच्या पिशवीत दोन वस्तू कायम असतात, पुस्तिकेतल्या नंबरचा एक नवा प्लग आणि प्लगचा पाना. पंप कोणी नेला तर परत देताना वहीत लिहायचं, प्लगचं तोंड कसं होतं ते.