बांबू : झाड कीं गवत ?

वडिलोपार्जित शेताच्या बांधावरून सख्ख्या भावांत दावे पडलेले आपण सर्वांनींच पाहिले आहेत. निदान तेथें सात-बाराचा उतारा तरी असतो. ज्याच्या पणजोबानें कागदच पाहिला नाहीं, अशा रानांतल्या माणसानें आपली वहिवाट शाबीत करावी कशी ?

जमिनीच्या प्रश्नांत समजुतीची वाट शोधणारे विनोबा भावे मार्च १९५१ मध्यें आमच्या वर्धा जिल्ह्यांतूनच पायीं तेलंगणाकडे निघाले, आणि १८ एप्रिल रोजीं पोचमपल्लीस मिळालेल्या शंभर एकरांनीं भूदानास आरंभ झाला. पुढें ग्रामदान आलें. साऱ्या गांवानें मालकी सोडावी, ही गोष्ट लोकांना फार जड गेली. म्हणून १९६५ च्या सुमारास ‘सुलभ ग्रामदाना’ची तोड निघाली. मालकी गांवाची, विसावा हिस्सा भूमिहीनांचा, बाकीची वहिवाट मात्र मूळ कुटुंबाकडेच. कित्येकांस ही माघार वाटली. आम्हांस ती एकत्र कुटुंबाच्या रीतीसारखी वाटते, आणि म्हणूनच परकी वाटत नाहीं.

२००६ चा वनहक्क कायदा हीहि अशीच एक तडजोड. वनवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या प्रास्ताविकांतच आहे. मूळ विधेयकांत १९८० पूर्वींचीच वहिवाट मानलेली होती आणि मर्यादा अडीच हेक्टरांची. किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालीं संसदेची संयुक्त समिति बसली. वन्यपशूंचे कैवारी एका बाजूस, आदिवासींचे दुसऱ्या. अखेर मुदत १३ डिसेंबर २००५ पर्यंत वाढली, मर्यादा चार हेक्टर झाली, आणि इतर पारंपरिक वननिवासीहि आंत आले; पण त्यांनीं तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावयाचा ! दाव्याची सुरुवात ग्रामसभेनें करावयाची; शेवटचा शब्द मात्र जिल्हा समितीचा. अन्याय ज्यांनीं सोसला, त्यांच्या हातीं शेवटची सही आली नाहीं, हें या सौद्यांतलें खरें उणें.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गांवास २००९ सालीं सुमारें अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. देशांतील अगदीं पहिल्या गांवांपैकीं हें एक. हक्क आला, पण बांबू रानाबाहेर न्यावयाचा तर वाहतूक-परवाना हवा, आणि तो वनखात्याच्या हातीं. आमच्या भगिनींच्या घरांतील सूप, टोपली, परडी ज्याची होते, तो बांबू झाड कीं गवत, यावर सारें अडलें. वनस्पतिशास्त्र त्यास गवत म्हणतें. १९२७ च्या वन-अधिनियमांत तो झाडांत मोडे. नव्या कायद्यानें त्यास गौण वनोपज म्हटलें. एकाच सरकारचीं हीं दोन पुस्तकें ! देवाजी तोफा आणि त्यांचे गांवकरी हटले नाहींत. २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यास आले, आणि परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें गेलें. जुन्या अधिनियमांतील झाडांच्या व्याख्येंतून बांबू वगळला गेला तो मात्र २०१७ मध्यें.

रान मिळाल्यावर या गांवानें स्वतःची शेतीहि गांवाच्या स्वाधीन करावयाची ठरविली. २०१३ सालीं, विनोबांच्याच ग्रामदानाच्या रीतीनें. मेंढ्यांत ठराव बहुमतानें होत नाहींत. कोणाची हरकत राहिली, तर विषय पुढच्या बैठकीस ठेवतात.