पॉवर टिलरचा गिअरबॉक्स व कोंकणची चिखलणी

रत्नागिरी जिल्ह्यांतील भातशेती बहुतांशीं डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं रचलेल्या लहान खाचरांची आहे. तेथें मोठा ट्रॅक्टर नेण्यास वाट नाहीं व वळविण्यास जागा नाहीं. यामुळें गोठ्यांतील जोतें कमी होत गेलीं तसतसा पुष्कळ घरीं पॉवर टिलर आला. जपानांतील अशाच लहान खाचरांत या यंत्राची वाढ झाली. तेथील मित्सुबिशी कंपनीच्या सहकार्यानें १९६७ सालीं बंगळूर येथें निघालेल्या व्हीएसटी कंपनीनें, व पुढें १९७३ सालीं स्थापन झालेल्या केरळांतील कॅमको या सरकारी कंपनीनें तें आपल्याकडे तयार करण्याचें काम हातीं घेतलें.

इंजिनाचा बिघाड आवाजावरून व धुरावरून लागलीच कळतो. गिअरबॉक्सचें तसें नाहीं. तो मुकाट्यानें झिजतो व ऐन कामांत बंद पडतो. कोंकणांत हें ऐन काम म्हणजे चिखलणी. राबांतील रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचें झालें कीं लावणी व्हावयास हवी. यंत्र अडून राहिलें, सुटा भाग येण्यास दोन आठवडे लागले, तर रोप जून होतें व लावल्यावर त्यास फुटवे कमी येतात. तेव्हां गिअरबॉक्सची हयगय केल्यास दुरुस्तीचें बिल तर भरावें लागतेंच, शिवाय वर्षाच्या भातांतहि तूट येते. म्हणून या विषयाकडे आमच्या शेतकरी बंधूंचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम शक्तीचा मार्ग ध्यानांत घ्यावा. इंजिनाची गति पट्ट्यांच्या द्वारें मुख्य क्लचकडे येते, क्लचमधून गिअरबॉक्समध्यें जाते, व तेथून दोन्ही बाजूंच्या क्लचमधून चाकांच्या आंसापर्यंत पोहोंचते. रोटाव्हेटरकडे जाणारी शक्तिहि गिअरबॉक्समधूनच निघते. पेटींतील दांतेचक्रें व बेअरिंगें ऑईलच्या पातळ थरावर फिरतात. तो थर राहिला तर पोलाद पोलादास घासत नाहीं.

या थराचा शत्रु पाणी. चिखलणींत आंस तासन् तास चिखलांत बुडालेला असतो. गवत व मुळ्या त्याच्याभोंवतीं गुंडाळल्या जाऊन ऑईल सीलची कड कापतात. दुसरें कारण सहसा लक्षांत येत नाहीं. पेटीवर हवा ये-जा करण्यासाठीं एक लहान छिद्र असतें. तें चिखलानें बुजलें म्हणजे काम करतांना आंतील तापलेली हवा सीलवर दाब आणते, व यंत्र पाण्यांत थंड होऊं लागलें कीं आंत ओढ उत्पन्न होऊन तेंच सील बाहेरचें पाणी आंत घेतें. यासाठीं रोज संध्याकाळीं आंसावरील गवत सोडवावें व हें छिद्र मोकळें आहे कीं नाहीं तें पाहावें. धुतांना मात्र छिद्रावर व सीलवर पाण्याचा जोराचा झोत मारूं नये.

पाणी शिरलें कीं नाहीं हें ओळखण्यास मिस्त्री लागत नाहीं. ऑईल मोजण्याची काडी काढून पाहावी. ऑईल ताकासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजावें. यंत्र रात्रभर उभें राहिल्यावर सकाळीं तळाचा बोल्ट किंचित् सैल केल्यास जड असलेलें पाणी प्रथम बाहेर येतें. असें ऑईल एक दिवसहि ठेवूं नये, बेअरिंगें गंजतात. यंत्र थोडा वेळ चालवून, ऑईल कोमट असतां तें सर्व काढावें व भांड्यांत तपासावें. बारीक करडी भुकटी नेहमींच्या झिजेची असते. परंतु चकत्या अगर दांत्यांचे तुकडे आढळल्यास पेटी उघडल्याशिवाय यंत्र चालवूं नये. फुटलेलें सील बदलल्यावांचून नवें ऑईल घालणें व्यर्थ होय. ऑईल कोणत्या जातीचें व किती घालावयाचें तें यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणें घ्यावें. इंजिनाचें काढलेलें जुनें ऑईल पेटींत घालूं नये.

पट्टे फार सैल असल्यास घसरून जळतात. फार ताणल्यास बेअरिंगांवर भार येतो. मधोमध अंगठ्यानें दाबल्यास साधारणतः एक ते दीड सेंटिमीटर दबेल इतका ताण असावा. बदलतांना सर्व पट्टे एकदम बदलावे. एकच नवा घातला तर सर्व भार त्या एकावर पडतो. क्लच अर्धवट दाबून यंत्र चालविण्याची संवय मोडावी, व गिअर बदलतांना क्लच पूर्ण सोडवून चाकें थांबल्यावरच बदलावा.

आतां जिवाच्या संबंधाची एक गोष्ट. सपाट जागीं डाव्या बाजूचा क्लच दाबला कीं यंत्र डावीकडे वळतें. उतारावर याच्या उलट घडतें. तेथें यंत्राचें वजनच त्यास पुढें ढकलीत असतें व इंजिन चाकांना रोखून धरतें. जें चाक क्लचनें सुटतें तें मोकळें धांवतें, व यंत्र विरुद्ध बाजूस वळतें. बांधाच्या कडेला हा प्रकार प्राणघातक ठरूं शकतो. म्हणून एका खाचरांतून खालच्या खाचरांत उतरण्यापूर्वींच हलका गिअर टाकावा, रोटाव्हेटर बंद करावा, बाजूचे क्लच न वापरतां दांड्यांच्या जोरानें दिशा द्यावी, आणि उतारावर मुख्य क्लच सोडवूं नये वा गिअर बदलूं नये.

वर्षाचा क्रम असा ठेवावा. वैशाखांत, म्हणजे मृगाच्या पुरेसें आधीं, ऑईल, सील, पट्टे व क्लचची ढील तपासावी, कारण त्या वेळीं मिस्त्री मोकळा असतो व सुटे भाग मागविण्यास अवधि असतो. चिखलणीच्या दिवसांत काडी रोज सकाळीं पाहावी. लावणी आटोपतांच यंत्र धुऊन, वाळवून, ऑईल बदलून मगच पडवींत ठेवावें. पुष्कळ जण हें शेवटचें काम भातकापणीनंतरवर ढकलतात. परंतु पाणी मिसळलेलें ऑईल तोंवर महिनोन् महिने पेटींत राहून आपलें काम करीत असतें. लावणीनंतर जोताच्या बैलांस विसांवा व पेंड देण्याची चाल आपल्या घरांतून होती. यंत्राचीहि निगा त्याच वेळीं घेतल्यास पुढील मृगांत तें दगा देणार नाहीं.